अंगठ्याच्या बाजूनं

अण्णा, तुम्ही जाऊन वीसेक वर्षं होत आली आणि मी आत्ता कुठं तुमच्यावर चिडायला बसले आहे. तुमच्या हयातीत ती सोय नव्हती. तुम्ही ओसरीवर आलात की घरातली भांडीसुद्धा हळू वाजायची, आणि मी तर मुलगी. मग तुम्ही गेलात, आणि गेलेल्या माणसावर काय चिडायचं म्हणून गप्प राहिले. फोटोला हार घातला, पितृपक्षात तुमच्या आवडीची खीर केली, पानाला कावळा शिवेना की जीव खालीवर व्हायचा. आता बास झालं. माझी साठी उलटली, गुडघे कुरकुरतात, आणि या महिन्यात मला एक गोष्ट कळली आहे, जी तुम्हाला माझ्या जन्माच्या आधीपासून माहीत होती. ती तुम्ही मला सांगितली नाहीत. तेव्हापासून राग आवरत नाही. भाकरी थापायला बसले की हात जोरात पडतो आणि भाकरी फाटते.

सगळं गाव तुम्हाला वस्ताद म्हणायचं. शिनोलीच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून पोरं तुमच्या तालमीत यायची, पार आहुप्याकडची एखाददुसरी तर देवळातच मुक्काम ठोकायची. तालीम आपल्या घराला लागून, मध्ये एकच भिंत. पहाटे त्या भिंतीतून तुमचा दरडावण्याचा आवाज यायचा आणि मांडीवर थाप मारल्याचा. आतल्या लाल मातीत तेल पडायचं, हळद पडायची, लिंबं पिळली जायची आणि ताक ओतलं जायचं. ते ताक घुसळायचं कुणी? मी. परकर सावरता यायला लागला तेव्हापासून मी. कळशी तालमीच्या उंबऱ्यापर्यंत न्यायची, खाली ठेवायची आणि मागं फिरायचं. बाईचा पाय लागला की माती बाटते, असं तुमचं म्हणणं. माझ्या हातचं ताक चालायचं, पाय तेवढा चालायचा नाही. एकदा मी परसात कपडे वाळत घालायची काठी फिरवून बघत होते, आडवी, तिरकी, तुमची पोरं फिरवायची तशी. बरी जमत होती हो! तुम्ही मागून आलात, काठी काढून घेतलीत आणि आईला म्हणालात, "हिला काम कमी पडतंय का गं?" मला एक शब्द बोलला नाहीत. दुसऱ्या दिवसापासून सगळ्या घराचं धुणं माझ्याकडं आलं.

आणि मग त्याच तालमीतला सगळ्यात तयारीचा पोरगा बघून तुम्ही मला देऊन टाकलंत. जत्रेतल्या कुस्त्या मारणारा, मंचरजवळ बागायत, कांदा, बटाटा, विहिरीला बारमाही पाणी. "माझ्या हाताखालचा हाय, त्याची ग्यारंटी माझी," असं पाहुण्यांना छाती पुढं काढून सांगत होतात. लग्नात मला भांडी दिलीत आणि त्याला तुमची पितळी वेढ्यांची काठी. भर मांडवात दिलीत. त्यानं ती कपाळाला लावली तेव्हा लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, मूर्ख मी.

ती काठी त्यानं माझ्यावर कधी उगारली नाही, खोटं कशाला सांगू. गरजच काय होती? तुम्ही घडवलेले हात होते ना ते! तोंडावर मारायचं नाही, हाड मोडेल असं मारायचं नाही. मनगट धरून पिरगळायचं, नाहीतर दंडाच्या आतल्या बाजूला, नाहीतर बरगडीखाली. कुठं दुखतं आणि कुठं दिसत नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. मी अंगणवाडीत पोरांना गाणी शिकवायला जायची, ती भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचं ब्लाऊज घालून. बाकीच्या बायका म्हणायच्या, बाईंचं वागणं किती सोज्वळ! डोंबलाचं सोज्वळ.

दिवाळीनंतर मार खाऊन पहिल्यांदा माहेरी आले तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. आई चुलीपुढं, मी पाटावर, आणि तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभे आहात. आई माझी बाही वर सरकवते. तुम्ही आत येता, माझं मनगट हातात घेता, उजेडाकडं वळवता. मला वाटतं, आता अण्णा पेटणार. आता एकतर घोडेगावला पोलिसांत, नाहीतर सरळ त्याच्या दारात. तुम्ही त्या काळ्यानिळ्या वळावरून बोट फिरवता आणि म्हणता, "धरलंय बराबर. अंगठा लई घट व्हता, म्हणून तुला सुटता आलं न्हाई." अहो अण्णा, लेकीच्या मनगटावर तुम्ही शिष्याची पकड तपासत होतात! आई पळीत तेल-हळद गरम करत राहिली.

तुम्ही काहीच केलं नाहीत असं मी म्हणणार नाही. तुम्ही त्याला बोलावून घेतलंत. पण कुठं? तालमीत. रिवाजच होता तुमचा. दोन पोरांची मारामारी असो नाहीतर बांधावरनं कटकट असो, तालमीत बसवायचं, मातीवर हात ठेवून बोलायला लावायचं, चिमूटभर माती कपाळाला लावली की विषय मिटला. मातीवर हात ठेवून कुणी खोटं बोलायचं धाडस करत नाही, हे तुम्ही धरूनच चाललेलं. म्हणजे माझ्या मारहाणीचा निवाडा अशा जागेत झाला जिथं मला पाय ठेवायला बंदी! मी भिंतीच्या अलीकडं उभी राहून ऐकत होते. आतून त्याचा आवाज आला, "चुकलं वस्ताद. पुन्यांदा न्हाई व्हणार." मग तुम्ही सगळ्यांना चहा सांगितलात आणि तो मीच केला. मला कुणी विचारलंसुद्धा नाही की बाई, तुझं काय म्हणणं आहे. संध्याकाळच्या एसटीनं त्याच्याबरोबर परत पाठवलंत.

तुमची माती संक्रांतीपर्यंत टिकली. मी दुसऱ्यांदा आले तेव्हा तुम्ही जेवत होतात. मी उभ्या उभ्या सांगितलं. तुम्ही घास ताटात ठेवलात. "त्यानं मातीवर हात ठेवलाय. तू म्हणतीस म्हणून मी माती खोटी पाडू व्हय?" म्हणजे खोटी कोण, तर मी. त्या मातीत माझं ताक होतं, आईची हळद होती, पण खरी ती आणि खोट्या आम्ही. तिसऱ्यांदा गाऱ्हाणं घेऊन मी आलेच नाही. सणाला यायची, पोरं घेऊन, नवी साडी नेसून, हसत. तुम्ही पारावर सांगत असाल, बघा, कसा सुरळीत लागला संसार.

आता इकडचं ऐका. आमच्याकडं बिबट्यानं उच्छाद मांडलाय. उसात तो, कांद्यात तो, गोठ्यामागं तो. बायका गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून खुरपायला जातात, सांगितलं तर तुम्हाला खरं वाटणार नाही. म्हणून गावानं ठरवलं की बायकांना स्वसंरक्षणाचं शिक्षण द्यायचं. शिकवायला कोण, तर मंचरच्या पेठेत कापडाचं दुकान असलेल्या जैनांची सून. लहानपणापासून कराटे शिकलेली. स्वतः कांदा खात नाही आणि कांद्याच्या गावात येऊन आम्हाला लाथा मारायला शिकवते. गावातले बाप्ये समाजमंदिराच्या दारात उभे राहून हसले, "आज्जे, बिबट्याला पाडणार काय आता?" मी म्हटलं, तुझ्यापासनं सुरुवात करते, ये. पळाला.

पहिल्याच दिवशी ती पोरगी म्हणाली, "काकू, बिबट्या दिसला तर पळायचं नाही, अंग मोठं करायचं, जोरात ओरडायचं. एवढंच. बाकी मी जे शिकवणार आहे ते माणसांसाठी आहे." समाजमंदिरात सगळ्याजणी पदर सारखे करायला लागल्या. कुणी कुणाकडं बघेना. मग तिनं ओरडायला लावलं. तर आवाज कुणाचा फुटतोय! माझ्या शेजारणीनं कोंबड्या हाकलल्यागत "हाऽड" केलं. "म्यॅडम, माझा गळा म्हशीपुरताच हाय हो," म्हणाली ती. हसून हसून आमच्या पोटात दुखलं. मीही नातवाची ट्रॅकपँट साडीखाली घालून जाते. कंबर वाकत नाही, पाय छातीपर्यंत काय, पाटापर्यंतसुद्धा जात नाही. पण सकाळी जायची वेळ झाली की मला घरात थांबवत नाही.

आणि मग एका सकाळी तिनं माझं मनगट धरलं. घट्ट. माझे डोळे आपसूक मिटले. ती म्हणाली, "काकू, बघा इकडं. चार बोटांशी झगडू नका. धरणाऱ्याचा अंगठा एकटा असतो, जोर तिथं कमी. तुमचं मनगट त्याच्या अंगठ्याच्या बाजूला वळवा, कोपर पोटाशी घ्या आणि झटका द्या." मी दिला. सुटलं. मी म्हटलं, "एवढंच?" ती म्हणाली, "एवढंच." पुन्हा धरलं, पुन्हा सुटलं. मी तिथंच फरशीवर फतकल मारून बसले आणि रडायला लागले. तिला वाटलं, हात दुखावला. पाणी आणायला धावली बिचारी.

एवढंच होतं, अण्णा! चहा उकळेपर्यंत शिकवून झालं असतं. मला तुमची कुस्ती नको होती, काठी नको होती, त्या मातीत पाऊलसुद्धा टाकायचं नव्हतं. चुलीपुढं, पाटावर, माझं मनगट तुमच्या हातात असताना तुम्ही म्हणालात की अंगठा घट होता. म्हणजे कळ कुठं आहे ते तुम्हाला दिसत होतं. बोट बरोबर तिथंच ठेवलं होतंत. आणि तसंच उचलून घेतलंत. परक्याच्या पोरांना वर्षानुवर्षं सगळं उघड करून दाखवलंत आणि पोटच्या पोरीला एवढंसं दाखवायला तुमचा हात धजला नाही. का? बाईनं सुटायचंच नसतं म्हणून? की तुमचा पठ्ठ्या हरेल म्हणून? मी हे किती वेळा मनात विचारलं, आणि दर वेळी तुम्ही मिशीवरून नुसता हात फिरवता.

परवाचं सांगते. तुमच्या जावयाला साखरेचा आजार आहे. सत्तरी गाठली, पाय ओढत चालतो, पण पंजा अजून तालमीतलाच. सकाळी बिनसाखरेचा चहा दिला म्हणून कप आदळला आणि ओट्याशी आला. मी साखरेचा डबा उचलून मागं घेतला. "लई शाणी झालीस व्हय?" म्हणत त्यानं मनगट धरलं. तीच पकड. मला ओरडायचं भानच राहिलं नाही. पण हातानं आपलं आपण केलं. वळवलं, कोपर पोटाशी, झटका. त्याची बोटं रिकामी झाली. दुसऱ्या हातातल्या डब्यातली साखर सांडलीसुद्धा नाही.

तो स्वतःच्या पंजाकडं बघत राहिला. मग माझ्याकडं. कसलेला माणूस तो, त्याला कळलं की हे चुकून सुटलेलं नाही, हे शिकलेल्याचं काम आहे. समाजमंदिरात बायका बिबट्यासाठी नुसता आरडाओरडा करतात अशी त्याची समजूत, त्यामुळं तिकडं त्याचं डोकं गेलंच नाही. मागं सरून खुर्चीवर बसला. चेहरा पार उतरला होता. हळूच म्हणाला, "वस्तादांनी दावलं व्हतं व्हय तुला?"

बघा! तेव्हाही तो घाबरला तो तुम्हाला. खरं तोंडावर आलं होतं माझ्या. कापडवाल्यांच्या सुनेनं शिकवलं म्हणावं, आणि तुझ्या वस्तादांनी तर माझा हात बघून तुझीच पकड वाखाणली होती म्हणावं. घरात आम्ही दोघंच, मुलं पुण्याला, इतक्या वर्षांचं सगळं ओकून टाकायला याच्यापेक्षा चांगली वेळ कधी यायची होती?

हे कागद मी कुठं पाठवणार? पाणी तापवायच्या बंबात जातील. तुम्हाला आणि आईला मिळून एकच फोटो आहे, त्याच्यापुढं वाचायलाही मी जाणार नाही, कारण आई ऐकेल. पण एक सांगायचं राहिलं. मी त्याला खरं सांगितलं नाही. मी म्हणाले, "हो. अण्णांनीच शिकवलं, लहान होते तेव्हा." तो मान खाली घालून बसला. तुम्ही जे कधी केलं नाहीत ते मी तुमच्या नावावर फुकट घालून बसले, याचा संताप मला परवापासून जाळतोय. आणि ते बोलताना मला फार बरं वाटलं, अण्णा.