वलवणच्या भिंतीवरची गोधडी

लोणावळा, रविवार

श्री. अमृतराव यांस,

सप्रेम नमस्कार. तुम्ही, माधवीवहिनी आणि कान्हे गावची सगळी मंडळी बरी असाल असं समजतो. तुमचं पित्त कसं आहे ते कळवावं. माझी तब्येत ठीक. पंधरा वर्षांत मी तुम्हाला पत्र लिहिलं नाही, तुमच्या घरी आलो नाही, आणि तुम्ही कारण विचारलं नाहीत, हा तुमचा चांगुलपणा. (अनसूयेच्या दहाव्याला भाऊ म्हणून तुम्ही आलात तेव्हाही मी बोललो नाही, पण त्या दिवशी मी कुणाशीच बोलत नव्हतो, त्यामुळे खपून गेलं.) आज लिहितोय ते रागाने. राग तुमच्यावर नाही.

झालं असं, की तेराव्यानंतर आमच्या लेकीने, श्रद्धाने, आईचे कपडे आणि अंथरूण रीतीप्रमाणे वाटून टाकलं. मी आतल्या खोलीत बसून होतो, अडवलं नाही. त्यात अनसूयेने हाताने शिवलेली गोधडी कस्तुराबाईंकडे गेली. त्या सकाळी आमच्याकडे काम करतात आणि दुपारी वलवणच्या एका हॉस्टेलवर. (विद्यार्थ्यांचं नव्हे, पाठीला पिशवी लावून हिंडणाऱ्यांचं.) परवा मोठ्या कौतुकाने म्हणाल्या, "आप्पा, बाईंची गोधडी म्या तितं दिली, त्यांनी भिंतीला लावलीया. लय लोकं फोटू काढत्यात."

पांघरायची वस्तू भिंतीला! तशीच रिक्षा केली. धरणाच्या बाजूच्या त्या गल्लीत आता सगळी घरं अशीच झाली आहेत. सकाळचे अकरा, आणि धडधाकट माणसं झाडांना बांधलेल्या झोळ्यांत आडवी. (आपल्याकडे झोळीत तान्हं मूल असतं, तेही अकराला उठलेलं असतं.) दारावर पाटी, 'इथे घाई करू नये'. मला घाई होती. मॅनेजर कोण म्हणून विचारलं तर धवल नावाचा तिशीचा गृहस्थ, अनवाणी, केसांचा अंबाडा घातलेला, समोर आला आणि काका, आधी बसा म्हणाला. खुर्ची नव्हती. थर्माकोलच्या गोळ्या भरलेलं एक गाठोडं होतं. त्यात मी गुडघे कानाला लागेपर्यंत रुतलो. चिडलेल्या माणसाने त्यात कधी बसू नये, अमृतराव. रिक्षात जुळवलेलं एकही वाक्य तिथून नीट निघत नाही.

गोधडी समोरच होती. चिमट्यांनी टांगलेली, वर दिवा, खाली कार्ड : 'मावळची लोककला. कलाकार अज्ञात.' माझा चढलेला आवाज तुम्ही कधी ऐकला नसेल. तिथे चढला. "अज्ञात नाही. ती माझी बायको आहे."

झोळ्यांतली माणसं उठून बसली. (एकाने टाळ्या वाजवल्या, त्याला कार्यक्रम वाटला.) धवलने वादच घातला नाही, सॉरी म्हणून लगेच स्टुलावर चढला. याचा मला जास्त राग आला. मी तासभर भांडायच्या तयारीने गेलो होतो. त्याने गोधडी घाईने ओढली (पाटी त्याचीच!) आणि कोपरा खिळ्याला अडकून फाटला. आतले थर दिसले. दोघांनी हात धरून मला गाठोड्यातून उपसून काढलं, आणि मी गोधडी घेऊन घरी आलो.

आपला,
गोपाळकृष्ण

ता. क. : वहिनींचा धावदोरा फार बारीक, असं अनसूया म्हणायची. कोपरा शिवायचा आहे. दोघं या. जेवायलाच या.

ता. क. २ : त्या कोपऱ्यात माझा कॉफी रंगाचा सफारी निघाला. खिशावर शाईचा डाग आहे, म्हणजे माझाच. तो घेऊन तुमच्या वास्तुशांतीला मुक्कामाला आलो होतो, त्यानंतर तो सापडेना. आणि पुढच्याच महिन्यात एका फोटोत तुम्ही तसाच सफारी घातलेला दिसलात. मी कुणाला काही बोललो नाही, फक्त तुमच्याकडे यायचं बंद केलं. दर भाऊबीजेला अनसूया विचारायची, का येत नाही? मी म्हणायचो, गुडघे दुखतात. मग ती एकटी यायची. एकदा खरं बोललो असतो, तर तिने त्याच दिवशी गोधडी उसवून दाखवली असती.

ता. क. ३ : निघाला तो नुसता शर्ट. पँट दिसत नाही, आणि पुढे उसवायला माझा हात धजत नाही. तुमच्याकडे असली तर घालून या.