ऑक्टोबरची बाई

रत्नागिरी,
१० जानेवारी २००३

प्रिय वैदू,

फोनच केला असता, पण फोन माजघरात आणि तुझे आप्पा तिथेच झोपाळ्यावर, म्हणून हे पत्र. तू जपानहून धाडलेलं ते कॅलेंडर, लाकडी ठशांनी छापलेल्या जुन्या नटांच्या चित्रांचं, अजून भिंतीवर आहे. नवं वर्ष लागलं गो, आपल्या घरी मात्र ऑक्टोबरच! आप्पा पान उलटू देत नाहीत. त्या पानावरची बाई आठवते? राठ जबडा, कपाळावर जांभळं फडकं. मी म्हटलं, जरा नाजूक तरी काढायची! तर म्हणाले, अगो, पुरुष आहे तो, आणि साठीचा असेल. बाही किती जपून धरलीय बघ, खऱ्या बाईला कुठे एवढी काळजी असते? तुझं पत्र पुन्हा काढून वाचलं, तर खरंच की! तिकडे नाटकात बायकांची कामं पुरुषच करतात, आणि लोक त्यांची चित्रं हौसेनं घरात लावायचे. ते ऐकून आप्पा बराच वेळ चित्राकडेच बघत राहिले.

परवा सकाळी मिशी उतरवून बाहेर आले. मला हसू आवरेना. पण शेजारच्या सोनूबाईनं गडग्यावरून पाहिलं, आणि मिशी काढली म्हणजे आजीच गेल्या असं समजून, डोळ्यांना पदर लावून धावत आली. आजी पडवीत कुळीथ निवडत होत्या. म्हणाल्या, रड हो, पण आधी हे सूप धर जरा.

झालंय काय, माघी गणपतीच्या उत्सवातल्या नाटकात सुभद्रा करा म्हणून नाटक बसवणाऱ्या रावजींनी आप्पांना गळ घातलीय. तुला वाटतं, घसा गेला म्हणून त्यांनी बायकांची कामं सोडली. घसाबिसा काही नव्हता. तुला बघायला आलेल्या एका गृहस्थांनी हसत विचारलं होतं, लुगडं नेसून नाचतात ते हेच का? आप्पाही हसले, आणि तुला चहा आणायला सांगितलं. त्या माघापासून ते मांडवात शेवटच्या रांगेत बसायला लागले. मला फार वाईट वाटायचं गो.

काल मी विचारलं, मिशी काढलीत, मग आता अडलंय कुठे? म्हणाले, वैदूच्या सासरी कमीपणा नको यायला. आणि तिला विचारू नकोस, ती बिचारी नाही कशी म्हणेल? म्हणून मी विचारत नाहीये हो, नुसतं कळवतेय. तूच आपणहून फोन कर, आणि यंदा कुठलं काम करताय, एवढंच विचार. पण जरा घाई कर. आज त्यांनी दाढी केली, पण मिशीची जागा तशीच सोडलीय.

तुझीच,
आई