कडूबाईची भिंत लाल, माझी पिवळी

प्रिय ऋतुजा,

अक्षर किराणावाल्यांच्या सुनेचं, शिवानीचं, तोंड माझं. बोलते तसंच लिही म्हणून ताकीद दिली हाय, तरी ती मधूनमधून माझं बोलणं धुऊन काढते.

तुझ्या हापिसाचा नकाशा आला. मांजरसुंब्याच्या घाटात रस्ता रुंद करताना डोंगराचा पाय कापला, आता कुठं दरड कोसळंल ते पुण्यात बसून तू कंप्युटरवर रंगवलंस म्हणे. साहेबलोकांनी तो चावडीवर लावला. आपल्या वाडीवर लालच लाल! मला वाटलं, नातीनं डोंगरातल्या देवाला शेंदूर लावला. अशी हरखले, की घरोघर गूळ वाटला. मग शिवानीनं वाचून सांगितलं, लाल म्हणजे दरडीखाली येणारी घरं, पावसाच्या आधी सोडायची. पिवळ्या घरात राहिलं तरी चालंल. तोवर गूळ सगळ्यांच्या पोटात. शेजारची कडूबाई अजून टोमणा मारते, की बायनाबाई, तुमच्या नातीनं आमच्या मरणाचं तोंड गोड केलं.

पण माझं डोकं फिरलंय ते पुढंच. अख्ख्या वाडीत पिवळं घर एकच, माझं. कडूबाईचं लाल. आमची भिंत एक, तू लहानपणी तिला कान लावून तिकडची भांडणं ऐकायचीस. आम्ही दोघी तिला दोन्हीकडून पाठ टेकून बसतो. मग डोंगर खाली येताना पाठ ओळखून येणार का? तुझे आजोबा मेंढ्या मोजताना चुकायचे, कंप्युटरही चुकत असंल. शिवानी म्हणते, त्याला उतार कळतो, दगड कळतो, पाणी कळतं. नातं कळत न्हाई.

ते ऐकल्यापासून मला दसरा आठवतोय. तू पुण्याला चल म्हणालीस, मी म्हणाले, या घरातून निघंन ती चौघांच्या खांद्यावरच. तू चहा न पिता जीपमध्ये जाऊन बसलीस. हट्ट तुझा मोठा का माझा, हे अजून ठरलेलं न्हाई. हट्टी माणसं रागानं काय करतात ते मला ठाऊक हाय; मायेनं काय करतात, तेवढं कळंना.

एरवी मी विचारलं नसतं. पिवळ्या घरात मिरवले असते. पण कडूबाईनं वाडी सोडायचं रद्द केलं. शेजारी पिवळं घर असताना साहेबलोकांनी दाखवलेल्या माळावर कशापायी जायचं, म्हणते. तिच्या नातवाची झोळी तिनं माझ्या आढ्याला बांधलीय. पाऊस लागला की आणखी चार घरची लेकरं माझ्याकडं झोपायला येणार हायेत. सारी वाडी तुझ्या रंगावर विसंबलीय, पोरी. झोळीला झोका देते आणि वर बघत बसते.

रंग खरा असंल तर दोन ओळी धाड. म्हातारीसाठी हात सरकला असंल तर काहीच लिहू नको, पहिल्या एस्टीनं ये आणि सगळ्यांदेखत माझं घर लाल कर. चहा न पिता मीच आधी उठंन, झोळी सोडून कडूबाईच्या हातात देईन. तुझ्या हातचा लाल मी शेंदूरच समजते.

तुझीच,
अजून पिवळ्यात बसलेली आजी