छगनभाऊंच्या नाकाचा मॅशअप

५ एप्रिल
आजपासून रोज लिहिणार. मोठे कलाकार लिहितात.

कामिनीची अट फायनल. साखरपुड्याला माझ्या गाण्यावर तिला हसू आलं, तर लग्नानंतर म्युझिक स्टुडिओ. नाही आलं, तर आमच्या खापर गावी पप्पांच्या पंपांच्या दुकानात गल्ल्यावर बसायचं. आजवरची माझी सगळी गाणी ऐकून ती फक्त 'बरंय' म्हणाली आहे. म्हणजे पाया तयार आहे.

६ एप्रिल
मॅशअप करायचं ठरलं. थिअरी लिहून ठेवतो, पुढे मुलाखतीत लागेल. दोन गाण्यांची लय एक हवी, सूर एक हवा, पण स्वभाव अजिबात एक नको. एकाने सूटबुटात यावं, दुसऱ्याने बनियनवर. पहिल्याने काही विचारलं आणि दुसऱ्याने भलतंच उत्तर दिलं की माणूस हसतोच. हे बहुतेक जगात मलाच सुचलंय.

७ एप्रिल, दुपार
सूटबूट सापडला. रील्सवर चाललेलं एक पॉप गाणं. गायक रडवेल्या आवाजात विचारतो की स्वप्नात येतो तो चेहरा कुणाचा.

बनियन घरातच निघालं. तापीआत्या, पप्पांची मोठी बहीण. पंगतीत व्याह्यांना चिडवायची गाणी म्हणण्यात तिचा हात कोणी धरू शकत नाही. मोबाइलसमोर बसवली. तिने लगेच कामिनीच्या वडिलांचं नाव घालून सुरू केलं, 'छगन याहीनं नाक, जसं फुगेल भजं!'

तो विचारतो चेहरा कुणाचा, आत्या सांगते छगनभाऊंचा! मी एकटाच पोट धरून हसलो.

आत्याने मात्र मोबाइलकडे बोट दाखवून विचारलं, 'तुन्हा डब्बामां मन्हा गानाले जवाब कोन देई?' जुन्या लोकांना टेक्नॉलॉजी कळत नाही. सोडून दिलं.

११ एप्रिल
काम नाही. लाइट गेली. (गेली नव्हती. जाईल असं वाटत होतं.)

१४ एप्रिल
आत्याची लय बसेना. रंगात आली की पळते, व्याह्याचं नाव आलं की मुद्दाम थांबते. सगळं दाबून पॉपच्या ठोक्यावर बसवलं. लय आता अचूक, पण आवाज कोंबडीच्या पिल्लासारखा येतो. छगनभाऊंची नवापूरला पोल्ट्रीच आहे, त्यांना आपलेपणा वाटेल.

१६ एप्रिल
'छगन' आणि 'भजं' दोन्हींवर इको टाकला. सासऱ्यांचा मान राहिला पाहिजे. पप्पांनी ऐकलं आणि विचारलं, 'सोयरीक मोडनी शे का तुले?' पंपवाला माणूस. असो.

२० एप्रिल, नवापूर, सकाळ
मंडपातले स्पीकर दणदणीत आहेत. स्टुडिओचं नाव ठरवून टाकलं. हेमकांत बीट्स.

२० एप्रिल, संध्याकाळ
पंगत बसल्यावर लावलं. पहिल्या 'भजं'ला लोक हसले. दुसऱ्याला कमी. मग नुसतंच भजं, भजं, भजं. छगनभाऊ हातात पुरी धरून थांबले. कामिनी ताटाकडे बघत होती.

तेवढ्यात तिच्या काकू गजराबाई उठल्या. मला वाटलं, नाचायला. त्यांनी सरळ स्पीकरची वायर उपटली. म्हणाल्या, 'जवाई, आमले बी तोंड शे!' आणि आत्यासमोर उभ्या राहून सुरू झाल्या, 'हेमकांत जवाईना कान, जसा सुपडा!' आत्याने उत्तरादाखल भज्याचं कडवं पुन्हा म्हटलं. तिकडून माझे केस आले. इकडून छगनभाऊंचं पोट गेलं. दोन्हीकडच्या बायका उठल्या, ताटं राहिली. छगनभाऊ स्वतःचं नाक धरून हसत होते. कामिनी तर पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

मला फार राग आला. पण ती अशी हसते हे मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि बघतच राहिलो.

२१ एप्रिल
कामिनीला फोन केला. तू हसलीस, म्हणजे स्टुडिओ नक्की, असं सांगितलं. म्हणाली, हसले खरी, पण तेव्हा तुमचं गाणं बंद होतं. मी म्हटलं, गाणं नेमकं कधी बंद करायचं हीसुद्धा कलाच. म्हणाली, ती काकूंची.

पप्पांनी गल्ल्याची किल्ली टेबलावर ठेवली आहे.

लग्नात लॅपटॉप आणू नका, कामिनी फोन ठेवताना म्हणाली. नुसते कान आणा. काकूंची अजून बरीच कडवी शिल्लक आहेत.