अप्पांनी चिकटवलेला चेलो

लाइपझिग, १२ नोव्हेंबर २०२४

ती. अप्पांना,
मनापासून जयभीम.

फोनवर तुम्ही 'बरं हाय'च्या पलीकडं जात नाही, म्हणून कामाचं कागदावर लिहिते. ज्या संस्थेनं मला सहा वर्षं चेलो वापरायला दिला होता, ती तो जानेवारीत परत घेणार. मार्चमध्ये पाच देशांत पाच कार्यक्रम ठरलेत आणि हातात वाद्य नाही. नवं घेणं माझ्या आवाक्यातलं नाही. तेव्हा सोलापुरात ठेवलेला माझा जुना चेलो पाठवा. सिद्धांतनं तो मुंबईला आणून दिला की माझी एक सहकारी विमानातून घेऊन येईल. आईनं त्याच्या पेटीवर वाळवण घातलं असेल तर आधी उचलायला सांगा.

माया आहेच, तशीच राहू द्या.
तुमची प्रिया

सोलापूर, ३ डिसेंबर २०२४

चि. प्रियास जयभीम आणि आशीर्वाद.

सिद्धांत काल चेलो देऊन आला. आई म्हणते, वाळवण कदी घातलंच न्हाय, एकदाच शेवया ठेवल्या होत्या. एक सांगायचं राहिलं. मे महिन्यात उन्हानं त्याची पुढची फळी कडेला वीतभर सुटली होती. रेल्वेच्या कारखान्यात तीस वर्षं सुतारकाम केलेल्या माणसाला अशा वेळी कुणाला विचारावं लागत न्हाय. जुना सरस खरवडून काढला आणि सगळ्या कडेनं दारांना लावतो तो पक्का गम भरला. दोन दिवस शिकंज्यात ठेवला. आता तो जन्मात सुटायचा न्हाय की. तू बिनघोर वाजव.

अधूनमधून चार ओळी लिही, एवढीच आमची मागणी.
तुझा अप्पा

लाइपझिग, २८ मार्च २०२५

चि. सिद्धांत,
जयभीम.

हे पत्र मुद्दाम तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर. चेलोचे सांधे सरसानं जाणूनबुजून कच्चे जोडतात. लाकूड आकसलं की सांधा सुटतो आणि फळी वाचते. इथल्या हिटरच्या कोरड्या हवेत अप्पांचा सांधा सुटलाच नाही, त्याच्या शेजारची फळी वरपासून खालपर्यंत फाटली. कारागीर चार महिने मागतोय. पाचही कार्यक्रम दुसरीला गेले. अप्पांना मात्र मी कळवलंय की सगळं झकास झालं, आणि मैत्रिणीनं तासाभरापुरता दिलेल्या चेलोवरचं रेकॉर्डिंग आपल्याच चेलोचं म्हणून आईच्या मोबाईलवर पाठवलंय. त्यांचा हात चुकला हे त्यांना कळायला नको. तोंड उघडलंस तर याद राख.

ताईवरचा जीव कमी करू नकोस.
प्रियाताई

सोलापूर, ९ एप्रिल २०२५

चि. प्रियास जयभीम.

रेकॉर्डिंग पाच वेळा ऐकलं. तो आपला चेलो न्हाय. आपल्याची जाडी तार घोगरी हाय, नऊ वर्षं भिंतीपलीकडून ऐकलीय मी. आणि पाच देश फिरून आली असतीस तर कुटं काय खाल्लंस ते एका ओळीत तरी आलं असतं. मग सिद्धांतला समोर बसवून विचारलं. तो रडला. त्याला बोलू नकोस.

सरस मला ठाऊक होता पोरी, उमेदवारीत रोज तोच शिजवायचो. पण लेकीच्या वाद्याला कच्चा जोड लावायला हात धजला न्हाय. तुझे पाच कार्यक्रम माझ्या हातानं गेले. लई वाईट वाटतंय, आणि ते मला वाटू दे. तू तेवढंही माझ्याकडं ठेवलं न्हवतंस.

हितनं पुढं वाईट बातमी आधी मला लिहीत जा, मग बाकीच्यांना.
तुझा अप्पा