माझ्या गुडघ्याबद्दल काही ऐकलं असशील तर

ती. सिंधूमावशीले,

नागपूरच्या नंदनवनातून तुझ्या भाचीचा, भावनाचा, आदरपूर्वक जय भीम. तुझी तब्येत कशी आहे? बीपीची गोळी रोज घेतेस, की बरं वाटलं की परत डबीत टाकून देतेस? (मले सगळं कळते. तुझी सून वैभवी सांगते.) परसातल्या वांग्यांवर अळी पडली होती, तिचं काय झालं तेही कळव. आमच्याकडे तुझे जावई खुशाल, दीक्षा खुशाल, मीही खुशालच म्हणायची. फोन सोडून पत्र काहून, असं तुले वाटून राहिलं असन. तर मावशी, तू फोन उचलला की स्पीकर लावतेस, आणि तुझ्या ओट्यावरच्या बाया तुझ्याआधी मले उत्तर देतात. मागच्या खेपेस मी दीक्षाच्या लग्नाचा नुसता विषय काढला, तर तू हॅलो म्हणायच्या आत कोणीतरी कामठीचा पोरगा सुचवून मोकळी झाली.

आता गुडघ्याचं. भावनाचा गुडघा पार गेला, डॉक्टर तो बदलायचा म्हणून राहिले, असं तुमच्या पारशिवनीपर्यंत पोचलं असन. गुडघ्याले काही झालं नाही. झालं ते पोटात. कित्येक दिवस ओटीपोट जड वाटत होतं, पोट फुगत होतं, आणि मी सगळं खापर तुरीच्या डाळीवर फोडत होती. शेवटी दीक्षानं ओढत सोनोग्राफीले नेलं. तिथं म्हणतात, भरपूर पाणी प्या अन् दाबून धरा. मी पडली शिक्षिका, सांगितल्यापेक्षा जास्त अभ्यास करायची सवय, म्हणून घरूनच दोन बाटल्या रिचवून निघाली. रस्त्यातले गतिरोधक ज्या दुष्टानं बांधले त्याच्याबद्दल त्या दिवशी जे मनात आलं, ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. तर त्यात निघालं की डाव्या अंडाशयावर गाठ आहे. पाण्यानं भरलेली, लिंबापेक्षा मोठी, संत्र्यापेक्षा लहान. (नागपूरच्या डॉक्टरीणबाई, दुसरं माप कुठून आणतील?) बहुतेक साधीच आहे म्हणाल्या, पण पाळी थांबायच्या वयात खात्री केल्याशिवाय सोडता येत नाही. रक्त तपासायले घेतलं, आता मंगळवारी रिपोर्ट घेऊन बोलावलं आहे. कॅन्सर हा शब्द त्यांनी एकदाच उच्चारला, तोही 'नसावा' असं म्हणायले. मले तेवढाच ऐकू आला.

घरी परत आली तर फाटकाशी पार्वतीबाई उभी. (आमची शेजारीण. तिच्या नजरेतून मांजर सुटत नाही.) कुठं गेली होतीस म्हणे, अन् माझ्या तोंडून निघून गेलं, गुडघा दाखवायले. तिथून जे लंगडणं सुरू झालं, ते आजपर्यंत चालू आहे. लंगडायचं म्हणजे सोपं वाटते, पण कोणत्या पायानं हे ध्यानात ठेवावं लागते, आणि मी सकाळी शाळेत जाताना डाव्यानं जाऊन राहिली अन् दुपारी उजव्यानं येऊन राहिली. पार्वतीबाईनं ते पाहिलंच. मी मनात म्हटलं, संपलं. पण ती म्हणाली की दुखणं असंच सरकत असते, तिच्या नणंदेचंही सरकलं होतं. आता ती रोज संध्याकाळी तेल गरम करून आणते आणि दोन्ही गुडघे स्वतः चोळून देते. नको म्हटलं तर रागावते. इतकी माया पाहून खरं सांगून टाकावंसं वाटते, पण तिची अर्धी बाटली माझ्या धडधाकट पायांत जिरली, आता कोणत्या तोंडानं सांगू? शाळेतही तेच. माझा वर्ग खालच्या मजल्यावर द्या म्हणून मी किती वर्षं मागणं लावलं होतं, कोणी ऐकलं नाही. लंगडत गेली तर हेडमास्तरांनी दुसऱ्याच दिवशी दिला. खोट्याले किती मान आहे पाहा.

तुझे जावई म्हणजे तयारीचा माणूस. बाजारात जायचं तरी आदल्या दिवशी पिशव्या झटकून ठेवतात. ते म्हणाले, डॉक्टरसमोर तू गांगरशील, आपण रंगीत तालीम करू. मग ते चष्मा लावून टेबलापलीकडे डॉक्टर होऊन बसले आणि मी पेशंट होऊन आत आली. (लंगडत. सवय वाईट.) काय त्रास आहे, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, खाली. खाली म्हणजे कुठं? मी म्हटलं, इतक्या वर्षांच्या संसारात तुम्हाले माहीत नाही का? त्यावर डॉक्टर पंख्याकडे पाहायले लागले. मग हळूच म्हणाले की तुमचं ते जे असते, त्याच्यावर ते जे आलं आहे, ते कधीपासून आहे? असे आम्ही दोघं 'ते' आणि 'ते' करत बसलो, तेव्हा स्वयंपाकघरातून दीक्षानं सगळ्या खिडक्या उघड्या असताना 'अंडाशय म्हण ना आई' असं खणखणीत सांगितलं. पार्वतीबाईच्या अंगणातला झाडू थांबला. वर दीक्षानं विचारलं, तू आठवीच्या वर्गाले विज्ञान शिकवतेस ना? शिकवते वं बाई. पण तो धडा आला की मी म्हणते, हा घरी वाचून या. इतकी वर्षं पोट्टे घरी वाचून राहिले आणि परीक्षेत तेवढाच प्रश्न सोडून राहिले.

तालीम तिथंच मोडली. मी रागानं भांडी घासायले बसली. तुझे जावई मागून आले, उगाच एक धुतलेला गिलास पुन्हा धुतला, आणि म्हणाले, "भावना, शब्द नाही आला तरी चालते. मी बाजूलेच बसतो." मावशी, तुझे जावई बोलतात कमी, पण एखाद्या वेळी असं बोलतात की बाईचा राग वाया जाते.

डॉक्टरीणबाईंनी एक घरचा अभ्यासही दिला आहे. आईकडच्या बायांपैकी कोणाले असं काही होतं का, विचारून या म्हणाल्या. मी आठवत बसली. आपल्या घरच्या बायांले कमरेखाली कधी काही झालंच नाही वं! आजीले जन्मभर 'वारं' होतं. आईची 'कंबर' होती, ती लकव्यानं जाईपर्यंत कंबरच राहिली. आणि मी सातवीत असताना तू आमच्याकडे येऊन मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं होतंस. दोन्ही डोळे टकटक उघडे आणि पट्टी पोटाले. मी आईले विचारलं, तर ती म्हणाली, डोळ्याची नस पोटातून जाते. मावशी, विज्ञान शिकून मास्तरीण होईपर्यंत मले ते खरं वाटत होतं. आई तुले आंघोळ घालायची, पाण्याची बादली उचलू द्यायची नाही. एकदा दार लावून तुम्ही दोघी रडत होत्या, मी आत आली तर म्हणाल्या, कांदा चिरून राहिलो. कांदा कुठंच नव्हता. आणि इतकं ऑपरेशन होऊनही सुईत दोरा ओवायले तू मलेच हाक मारायचीस. असो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, स्वतः लंगडायले लागल्यावर मले हे सगळं आठवून राहिलं.

थोरांले जय भीम, लहानांचे लाड. तब्येतीले जप.

तुझीच,
भावना

ता. क. वैभवीचा भाऊ प्रशिक उद्या तिकडे येऊन राहिला, त्याच्या हातानं पत्र पाठवते. ओट्यावर उघडू नको. उत्तराची काही घाई नाही, मंगळवारच्या आत आलं म्हणजे झालं.

ता. क. दुसरं. तेव्हा तुझं काय काढलं होतं, वं मावशी? गाठच होती का? साधी होती, की दुसरी? डॉक्टरले खरं सांगावं लागते, म्हणून विचारून राहिली. लाजू नको. मी हे लिहून राहिली म्हणजे माझी लाज किती उरली ते समज.

ता. क. तिसरं. मी खुशाल नाही. मले भेव वाटून राहिलं. आई असती तर तिच्याजवळ जाऊन बसली असती. डॉक्टरचं काम हो-नाहीवर भागन, माझं भागत नाही. सोमवारच्या बसनं तू स्वतः ये. तुले हेच झालं होतं असं माझ्या तोंडावर सांग, आणि मग माझ्यासमोर बसून दोन कप चहा पी अन् मनसोक्त सुनेची चुगली कर. मले तेवढंच पाहायचं आहे.