बाथरूममागचा पिंपळ

प्रिय अप्पा,

बाथरूमच्या खिडकीखालचा पिंपळ परत उगवलाय. तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदाच. अख्खी बिल्डिंग आता माझ्याकडे बघतेय, म्हणून हे पत्र.

आठवतं ना? दरवर्षी पावसाआधी तो काढायचा कोणी, यावर जिन्यात मीटिंग भरायची. सावंतमावशी म्हणायच्या, "त्यावर मुंजा असतो हो!" कांबळेकाका म्हणायचे, "बोधिवृक्ष आहे, मी हात नाय लावणार." मग तुम्ही कोयता उचलायचात. "पाप मला लागू दे, ओल तरी जाईल!" आणि आत येऊन ऐटीत चहा मागायचात. "मुळासकट उपटला!"

ओल कधीच गेली नाही, तो भाग वेगळा.

परवा आठवीच्या नव्या वर्गाला जीवशास्त्राची ओळख करून देत होते. सजीव खातो, वाढतो, श्वास घेतो, हालचाल करतो, असं फळ्यावर लिहिलं. एक मुलगी उठली, "मॅडम, रिक्षापण गॅस खाते, धूर सोडते, पळते. मग ती जिवंत का नाय?" डोंबिवलीत शिकवायचं म्हणजे! मला तुमची व्याख्या आठवली, "कापलं तरी परत येतं ते जिवंत." तीच ठोकून दिली. रिक्षा बाद झाली.

घरी येताना लक्षात आलं, या व्याख्येत तुम्हीही बसत नाही. शेअर रिक्षातच रडू फुटलं. शेजारच्या बाईंनी रुमाल दिला, वर विचारलं, "पाकीट मारलं का हो?"

काल शेवटी तुमचाच कोयता घेऊन खिडकीतून वाकले. आणि बघते तर काय! मनगटाएवढा जाड बुंधा, त्यावर जुने घाव एकावर एक, आणि मूळ जसंच्या तसं! देवाला हात न जोडणारे तुम्ही, इतकी वर्षं नुसते शेंडे छाटत होतात? मुळाशी आलात की हात आखडायचा ना? आणि मी दरवर्षी वर्गात सांगतेय, पक्ष्यांच्या विष्ठेतून नवीन बी येतं म्हणून. बिचाऱ्या साळुंक्यांवर केवढा आळ!

मला तरी सांगायचंत. मी काय मीटिंगमध्ये फोडलं असतं? फोडलंच असतं म्हणा.

मीही वरचंच छाटलं. सावंतमावशींना सांगितलं, "मुळासकट उपटला." त्यांनी चहा पाठवला.

ओल आता हॉलच्या भिंतीत तुमच्या फोटोपर्यंत पोचलीय. तरी वचन देते, मुळाला हात लावणार नाही. फोटो समोरच्या कोरड्या भिंतीवर हलवलाय. तुमचं येणं होणार नाही, अप्पा. निदान पिंपळ तरी दरवर्षी येऊ दे.

तुमच्या पापाची वाटेकरी,
सुमी